सहाव्या फेरीची भांडी

माणसं तोंडानं काय बोलतात ते सगळेच ऐकतात. त्याच तोंडातून ती काय बाहेर टाकतात, ते बघायची पाळी अकरा वर्षं आतल्या बाईंवर आली होती. वाइनचा आस्वाद घेणारं एक मंडळ होतं, त्यांच्याकडे बाई भांडी धुवायच्या. नाव कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही आपणहून सांगितलं नव्हतं. सभागृहाच्या मागच्या लहान खोलीत, मोरीपाशी उभ्या असायच्या, म्हणून आतल्या बाई.

त्याआधी नऊ वर्षं त्यांनी एका तपासणीच्या प्रयोगशाळेत लघवीच्या बाटल्या धुतल्या होत्या. आता जगात आपल्याला कशाची म्हणून किळस वाटणार नाही, अशा भरवशावर त्यांनी हे काम धरलं. पहिल्याच शनिवारी त्यांना ओकारी आली. अहो, लघवी बिचारी नाइलाजानं बाटलीत आलेली असते. ती काही ऐट करत नाही!

प्रकार असा होता. शनिवारी दुपारी तीन वाजता चोवीस सभासद यायचे. लांब टेबलं, पांढरी कापडं, दर दोघांच्या मधे स्टीलचं एक खोलगट भांडं. सहा बाटल्या उघडायच्या, प्रत्येकीतला घोटभर ग्लासात घ्यायचा, गरगर फिरवायचा, नाक आत खुपसायचं, तोंडात घेऊन गुळणी केल्यासारखं खळखळवायचं आणि भांड्यात थुंकायचं. सहाच्या सहा गिळल्या तर माणूस घरी चालत जायचा नाही, म्हणून ही रीत. प्रत्येक फेरी संपली की बाईंनी बारा भांडी उचलून आत न्यायची, दुसरी बारा मांडायची. भांड्यात वाइन असायचीच, पण नुसती वाइन असती तर गोष्ट वेगळी. तीत लाळेच्या तारा असत, भिजलेल्या बिस्किटाचा चिखल असे, लिपस्टिकचे तवंग असत. एकदा तर दाढेवरची सोन्याची टोपी निघाली होती. मंडळाचे अध्यक्ष दातांचे निवृत्त डॉक्टर. टोपी कुणाची ते त्यांनी नुसत्या नजरेनं ओळखलं. जन्मभर लोकांना ‘थुंका’ म्हणून सांगितल्यावर म्हातारपणी त्यांना हाच छंद सुचावा, यात बाईंना नवल वाटत नव्हतं.

बरं, त्या भांड्यांना थुंकायची भांडी म्हणायचं नाही. मंडळात एक कवयित्री होत्या, त्यांनी नाव ठेवलं होतं ‘अर्पणपात्र’. “बाई, अर्पणपात्रं आणता का?” शी! बाईंच्या अंगावर काटा यायचा. घाणीला घाण म्हटलं तर ती निदान आपल्या जागी राहते, असं त्यांचं मत होतं.

नुसतं पिऊन थुंकून भागत नसे. प्रत्येक वाइनबरोबर एक चित्र भिंतीवर दाखवायचे. अर्धवट सोललेलं लिंबू, कलंडलेला पेला, मेलेला ससा. मग कवयित्री त्या वाइनवर केलेली कविता म्हणायच्या. मग एक संगीतशिक्षिका मोठं तंतुवाद्य पायांत धरून वाजवायच्या, आणि सगळे डोळे मिटून म्हणायचे, की खर्जातल्या सुरांनी वाइन जड लागते, चढ्या सुरांनी हलकी. शेवटी प्रश्नमंजूषा. बुचं कुठल्या झाडाच्या सालीची करतात? काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन होते का? सर्वांत मोठ्या बाटल्यांना कोणाची नावं आहेत? अमुक सालचं पीक, तमुक राजाचं तळघर. बरोबर उत्तर आलं की टाळ्या, आणि टाळ्यांच्या आडून कुणीतरी भांड्यात पचकन थुंकायचं. हे असं अकरा वर्षं. वीट आला होता बाईंना.

पण एक गोष्ट होती, आणि ती बाईंखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. खरे गुण भांड्यांत पडत. सभासद दर फेरीला कार्डावर दहापैकी गुण लिहीत. वाइन महागाची आहे अशी नुसती कुजबुज झाली तरी नऊ, साडेनऊ. पण जीभ काही कुजबुज ऐकत नाही. वाइन खरंच चवीची असली तर माणूस थुंकायचं विसरतो, हळूच गिळून टाकतो, आणि भांडं जवळजवळ कोरडं परत येतं. वाइन वाईट असली तर भांडं भरतं. मग कार्डावर काहीही लिहा. बाई भांडं नुसतं उचलून वजनावरून सांगू शकल्या असत्या. पण विचारतो कोण? आणि त्याही मूग गिळून होत्या. “आपल्याला काय करायचंय? खोटं बोलतात, बोलू देत. आपण धुवायचं,” असं त्या स्वतःशी म्हणायच्या.

घरी धाकटा भाऊ होता. बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, आईच्या माघारी त्यांनीच वाढवलेला. आता अठ्ठेचाळिशीला आला तरी त्यांच्या तोंडी तो बाळ्याच. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत बावीस वर्षं नोकरी. पंचवीस भरली की पेन्शन. लग्न दोघांचंही नाही. दोन खोल्या, एक स्वयंपाकाचा ओटा, आणि इमारतीच्या तळघरात सामानाची एक कोठडी, एवढं त्यांचं राज्य.

या बाळ्याला वाइनचं वेड लागलं ते बाईंमुळेच. मंडळात उरलेल्या बाटल्या त्या घरी आणायच्या, स्वयंपाकात वापरायला. एकदा बाटली गुंडाळायला प्रश्नमंजुषेचा कागद वापरला. बाळ्यानं तो वाचला आणि झालं! पुढच्या शनिवारी दारातच उभा. “ताई, आजचा कागद आणलास?” कागद जमवून त्यानं वह्या केल्या. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तेल घालता घालता तो स्वतःला प्रश्न विचारायचा आणि स्वतःच उत्तरं द्यायचा. चित्रांची माहिती वाचायचा, रेडिओवर तंतुवाद्य लागलं की आवाज वाढवायचा. “ताई, लाल रंग रसात नसतो, सालीत असतो. तुला ठाऊक होतं?” बाईंना मंडळाचा जेवढा तिटकारा, तेवढंच बाळ्याचं हे बोलणं ऐकायला गोड वाटायचं. त्याच्या तोंडी तीच माहिती स्वच्छ होऊन यायची, कशी कोण जाणे.

पण वाचनावर थांबेल तो बाळ्या कसला? त्यानं तळघरात द्राक्षं आणली. काचेचे बुधले आले, एक जुनं लाकडी पिंप आलं. तीन वर्षं खटपट चालली. पहिल्या वर्षीची मोरीत ओतली, दुसऱ्या वर्षीचं पिंप फुटलं. तिसऱ्या वर्षी वाइन झाली, आणि तिला नखांना लावायच्या रंगाचा वास येत होता. बाई पीत नसत, पण नाक शाबूत होतं. तळघराचं दार उघडलं की कळायचं. बाळ्या ग्लास उजेडात धरून म्हणाला, “रंग बघ ताई, रंग!” रंग खरंच सुरेख होता. बाई म्हणाल्या, “छान आहे हो रंग.” वासाबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यालाच कळेल की, त्यांना वाटलं.

त्याला कळलं नाही. रोज त्याच वासात बसणाऱ्याला कळायचं कसं?

वर्षातून एकदा मंडळात मोठी स्पर्धा व्हायची. सहा बाटल्या तपकिरी कागदात गुंडाळून ठेवायच्या, कोणती कोणाची हे कुणाला सांगायचं नाही, आणि जिला जास्त गुण पडतील ती मंडळाची वर्षाची वाइन. बाळ्यानं बाईंना न सांगता आपली बाटली तिथं दिली. सांगितलं ते आदल्या दिवशी.

“ताई, पहिला नंबर आला तर नोकरी सोडणार.”

“वेड लागलंय का तुला?”

“डॉक्टरसाहेब म्हणाले, तुझी बाटली जिंकली तर तुला मंडळाचं तळघर सांभाळायला देणार. पिंपं त्यांची, द्राक्षं त्यांची. राजीनामा लिहून ठेवलाय मी. फक्त सही राहिलीय.”

“आणि पेन्शन? तीन वर्षं राहिलीत बाळ्या! म्हातारपणी काय वह्या खाशील?”

“तीन वर्षं खड्ड्यात उतरून तारा पुसायच्या? गुडघे बघ माझे.” त्यानं विजारीचा पाय वर करून गुडघा दाखवला. मग हसला. “आणि नाही आला नंबर तर नाहीच सोडत. झालं समाधान?”

नाहीच येणार, बाईंनी स्वतःला सांगितलं. बाटल्या गुंडाळलेल्या असतात. चोवीस जण थुंकतील, गुण पडतील दोन-तीन, पोरगा चार दिवस तोंड पाडून बसेल आणि नोकरी वाचेल. देवा, थुंकू देत सगळे! आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी त्या लोकांच्या थुंकण्यासाठी देवाला हात जोडले.

शनिवारी बाळ्या इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसला. बाई आत. पहिल्या पाच फेऱ्या नेहमीसारख्या झाल्या. दुसऱ्या फेरीची भांडी जवळजवळ कोरडी आली, आणि कार्डांवर तिला सहा-सहा गुण. चित्र बेकार होतं म्हणे! बाईंनी नाक मुरडलं आणि त्यांतली दोन भांडी न घासताच फडताळावर ठेवली, बदली दुसरी दोन काढली. सहावी बाटली बाळ्याची होती.

आता यात गोम अशी, की प्रत्येक बाटलीवर कविता करायची तर कवयित्रींना आधी कळायला हवं, बाटली कोणाची. त्यांना ते सांगावं लागे. नाही तर कविता कशावर करणार? आजवर हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण आजवर सगळ्या बाटल्या दुकानातल्या असायच्या. सहाव्या फेरीला कवयित्री उभ्या राहिल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या:

“आम्हाला वर नेणाऱ्या हाता,
तू मात्र तळाशीच राहतोस.
आज तुझं तळघर
आमच्या ओठांशी आलं.”

झालं! चोवीस माना एकदम मागं वळल्या. इस्त्रीच्या सदऱ्यातला लिफ्टवाला लाजून लाल. तंतुवाद्य खर्जात घुमायला लागलं. भिंतीवर राबणाऱ्या हातांचं चित्र. कुणीतरी हुंदका दिला. मग ग्लास फिरले, नाकं खुपसली गेली, घोट घेतले गेले. दाराच्या फटीतून बाई बघत होत्या. चोवीस चेहरे एकाच क्षणी आवळले आणि पुढच्याच क्षणी सैल होऊन हसले. भांडी उचलली गेली, तोंडाशी नेली गेली. पचक, पचक, पचक. मग गुण. दहा. दहा. साडेनऊ. दहा. प्रश्नमंजूषा घेणारे विमा कंपनीचे साहेब तर उभं राहून टाळ्या वाजवत होते.

बाई भांडी आणायला गेल्या. दोन भांडी एका हातात उचलायची त्यांची सवय. आज एकेक दोन्ही हातांनी धरून आणावं लागलं. कडेपर्यंत भरलेली. सगळ्यांनी घोट थुंकून वर पाण्याच्या चुळांवर चुळा भरल्या होत्या, चवच जात नसेल. एक भांडं हिंदकळलं आणि ते गरम, चिकट पाणी बाईंच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या. हलकटांनो! आवडली नाही तर दोन गुण द्या, पोटात घालेल तो. पण थुंकायचं भांड्यात आणि दहा लिहायचे कार्डावर? भल्या माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि आपण रुमालानं ओठ टिपायचे? या लोकांचं दानसुद्धा उष्टं. हात धुतला, पुन्हा धुतला, तरी वास जाईना.

बाहेर निकाल जाहीर झाला. बाळ्या पहिला. टाळ्यांतून वाट काढत तो आतल्या खोलीत आला, अकरा वर्षांत पहिल्यांदाच. त्यानं बाईंच्या पायाला हात लावला.

“ताई! दहा दिले गं! पोरासारखं रडू आलं मला.”

“बाळ्या, इकडे ये. हे बघ.”

बारा भांडी ओट्यावर ओळीनं होती. बाळ्यानं बघितलं. “काय आहे?”

“तुझी वाइन. जेवढी ओतली तेवढी परत आलीय. वर चुळासुद्धा.”

“थुंकतातच ना ताई. रीत आहे ती. मला काय माहीत नाही?” तो हसला. “वहीत लिहिलंय मी.”

“रीत आहे तर मग हे दुसऱ्या फेरीचं बघ.” बाईंनी फडताळावरची भांडी काढून त्याच्यापुढं उलटी केली. थेंब थेंब पडले. “ही गिळली सगळ्यांनी. सहा गुण दिले आणि गिळली. तुला दहा दिले आणि थुंकली. अकरा वर्षं बघतेय मी बाळ्या, गुण या भांड्यांत असतात. तुझ्या वाइनला वास येतो. नखांच्या रंगाचा. मला पहिल्या दिवसापासून येतोय.”

बाळ्याचा चेहरा उतरला. तो एका भांड्यावर वाकला, मग दुसऱ्या. “तू कधी बोलली नाहीस,” एवढंच म्हणाला.

“नाही बोलले. चुकलं माझं. आता बोलतेय.”

“आणि डॉक्टरसाहेब? त्यांनी दहा दिले. ते खोटं कशाला बोलतील?”

“विचार त्यांना. समोर एक घोट घ्यायला सांग आणि गिळायला सांग. गिळतात का बघ. नाही गिळली तर तो राजीनामा फाडायचा, कबूल?”

“कबूल,” बाळ्या म्हणाला.

तेवढ्यात अध्यक्षच दारात आले. हातात सहावी बाटली आणि ग्लास. “अहो विजेते, फोटोला चला! बाई, भावानं नाव काढलं बरं का!”

“साहेब,” बाळ्या म्हणाला, “एक घोट माझ्यासमोर घ्याल? खरी कशी वाटली, ते सांगा.”

“घ्याल काय, आनंदानं!” म्हणत अध्यक्षांनी ग्लासात ओतली आणि ऐटीत तोंडभर घेतली. घेतली मात्र, डोळे बाहेर आले. गाल फुगले. तोंड मिटलेलं, मान डावीकडे, मान उजवीकडे. ते भांडं शोधत होते. एक पाऊल ओट्याकडे आले.

आणि ओट्यापुढं बाई उभ्या होत्या. मागं बारा भांडी, मागंच मोरी. बाजूला व्हायचं, बस्स. अध्यक्ष वाकले असते, थुंकले असते आणि बाळ्याचं आयुष्य ठिकाणावर राहिलं असतं. बाईंना हे कळत होतं. पण त्या क्षणी त्यांना दिसला तो फक्त एक फुगलेला, गुळगुळीत, खोटारडा गाल. अकरा वर्षांची लाळ, चिखल, तवंग, ‘अर्पणपात्रं आणता का’, सगळं एकदम घशाशी आलं. थुंकायला पाहिजे काय तुला? आज नाही. आज गिळ. एकदा तरी स्वतःचं खोटं स्वतः गिळ! त्यांनी दोन्ही हात मागं नेऊन ओट्याची कड धरली आणि तसूभरही हलल्या नाहीत.

अध्यक्षांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग डोळे मिटले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. गिळली. डोळ्यांतून पाणी घळाघळा गालांवर आलं.

“वा,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

बाईंना क्षणभर असं समाधान वाटलं की काय सांगावं! अकरा वर्षांचं एकदम फिटलं. त्यांनी हसून बाळ्याकडे बघितलं.

बाळ्या अध्यक्षांकडे टक लावून बघत होता. चेहऱ्यावर ऊन पडावं तसा उजेड. “गिळली,” तो म्हणाला. “ताई, गिळली साहेबांनी! आणि रडले बघ. बघितलंस ना? डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या!”

“बाळ्या, अरे थांब, ते मी भांडं…”

“पुरे आता ताई.” त्यानं खिशातला कागद काढला आणि अध्यक्षांच्या खिशातलं पेन मागितलं. “तूच म्हणालीस ना, गिळतात का बघ? आता तरी खूश हो माझ्यासाठी.”

ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यावर कागद ठेवून त्यानं सही केली. तीन वर्षांवर आलेली पेन्शन दोन अक्षरांत गेली. मग अध्यक्षांचा हात दोन्ही हातांत धरून त्यानं कपाळाला लावला आणि फोटोसाठी बाहेर पळाला.

खोलीत दोघंच राहिले. अध्यक्ष रुमालानं जीभ पुसत होते.

“सांगा त्याला,” बाई म्हणाल्या. “अजून कागद दिलेला नाही. बाहेर जा आणि खरं काय ते सांगा.”

अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं.

“आता कसं सांगू, बाई?” ते म्हणाले. “थुंकू दिली असतीत, तर सांगायची गरजच पडली नसती.”

ते गेले. बाहेर फोटोवाला सगळ्यांना हसायला सांगत होता, आणि मधे उभा राहून बाळ्या सर्वांत मोठ्यानं हसत होता. बाई मागं वळल्या. बारा भांडी तशीच होती. त्यांचा वास येत होता, पण आज पहिल्यांदा त्या वासाची शिसारी आली नाही. आली ती स्वतःच्या दोन हातांची.